काठावरचा देश

आयर्लंडला जाणारा आपल्याकडचा प्रवासी बहुधा डब्लिनला उतरतो, तिथली ग्रंथालये आणि गुत्ते पाहतो, हिरव्या कुरणांतल्या मेंढ्यांची चार छायाचित्रे घेतो आणि परततो. आम्हीही तेच केले असते. पण आमची भाची लिमरिकच्या एका रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाली आणि तिने हट्टच धरला. "मामा, मामीला घेऊन या. मी तुम्हांला आमची नदी दाखवते." नोकरी लागून पुरते वर्षही झाले नव्हते आणि नदी 'आमची' झाली होती! कृष्णाकाठी लहानाची मोठी झालेली ही पोर परक्या नदीला इतक्या लवकर आपली म्हणते, तेव्हा त्या नदीत काही तरी असलेच पाहिजे, असे म्हणून आम्ही उभयता निघालो.

शॅनन ही आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी. लिमरिक शहर ओलांडले की ती रुंद होत जाते आणि मग नदी कुठे संपली नि अटलांटिक महासागर कुठे सुरू झाला, हे सांगणे कठीण होते. आपल्या दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीसारखाच प्रकार. फक्त काठाला माड नाहीत आणि पावसाला चातुर्मासाचे बंधन नाही. युरोपचा हा पश्चिमेकडचा उंबरठा. अमेरिकेहून उडालेल्या विमानाला महासागर ओलांडल्यावर पहिली जमीन दिसते ती याच बाजूला. पूर्वीच्या विमानांच्या टाकीत इंधन बेताचेच मावे. त्यामुळे समुद्र ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडल्यावर इथे उतरणे त्यांना भागच असे. त्या रिकाम्या टाक्यांनी शॅननच्या काठाला जगाच्या नकाशावर आणून ठेवले. आणि ज्याच्या दारावरून हमरस्ता जातो, त्याच्या दारी लढाईला निघालेलेही पाणी मागायला येतातच.

इथेच या देशाची सारी गंमत आणि सारी पंचाईत आहे; कारण हा देश तटस्थ म्हणवतो. 'तटस्थ' हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्यातला 'तट' आता आपल्याला दिसतच नाही. तटावर उभा तो तटस्थ. पाण्यात दोघे एकमेकांना बुडवू पाहत आहेत आणि हा काठावर कोरडा उभा आहे. चित्र स्वच्छ आहे. पण काठावर उभे राहून त्यातल्या एकालाच पंचा दिला, दम घ्यायला जागा दिली, दोन घास खायला दिले, तर तो माणूस तटस्थ राहिला की नाही? शॅननच्या काठी आम्ही दोन आठवडे होतो, आणि जिथे जिथे गेलो तिथे हाच प्रश्न आमच्या पुढ्यात येऊन बसला.

पहिल्यांदा भाचीने आम्हांला नदीच्या दक्षिण तीरावरच्या फॉइन्झ या लहानशा बंदरात नेले. १९३९ पासून १९४५ पर्यंत हे खेडे अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचे मोठे ठाणे होते. विमाने म्हणजे पाण्यावर उतरणारी, होडीच्या पोटाची अजस्र विमाने. जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तशा एका विमानाची पूर्ण मापाची प्रतिकृती तिथे उभी केली आहे. आत शिरून पाहिले तर झोपायला बिछाने, बसायला ऐसपैस खुर्च्या. सौभाग्यवतींनी आमच्या येतानाच्या विमानातल्या आसनांशी मनातल्या मनात तुलना केली असावी, कारण त्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. प्रसिद्ध 'आयरिश कॉफी'ही इथलीच. १९४३ सालच्या एका रात्री वादळामुळे माघारी आलेल्या, गारठलेल्या उतारूंना जो शेरिडन नावाच्या इथल्या आचाऱ्याने कॉफीत व्हिस्की घालून दिली, अशी कथा सांगतात.

पण मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. बाहेर महायुद्ध पेटलेले; आणि या तटस्थ देशातल्या खेड्यात दोस्त राष्ट्रांचे लष्करी अधिकारी गणवेश उतरवून, साध्या कपड्यांत, साधे उतारू म्हणून ये-जा करीत होते. कोट बदलला की सैनिक प्रवासी होतो, हा धडा शॅननच्या काठाने तेव्हाच गिरवला होता.

आयर्लंड तटस्थ का राहिले, हे समजायला आपल्याला तरी वेळ लागू नये. इंग्रजांशी लढून १९२२ साली या देशाने आपले राज्य मिळवले, तेही उत्तरेकडचा तुकडा गमावून. तीन बंदरे त्यानंतरही इंग्रजांच्याच ताब्यात होती. ती १९३८ साली परत मिळाली. दुसऱ्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी सांगितले, आम्ही यात नाही. त्याच सप्टेंबर महिन्यात दिल्लीत व्हाइसरॉयने, आपल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता, हिंदुस्थान युद्धात उतरला असे जाहीर करून टाकले होते. आपले 'नाही' आपल्याच तोंडाने म्हणता येणे याला आयरिश माणूस स्वातंत्र्य समजतो. तटस्थतेशी त्याचा जीव जडला आहे तो अहिंसेच्या प्रेमाने कमी आणि या 'नाही'च्या अभिमानाने जास्त.

तो 'नाही' फुकट मिळाला नाही. ३१ मे १९४१ च्या पहाटे जर्मन विमानांनी डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँड भागावर बाँब टाकले आणि २८ माणसे मेली. युद्ध संपता संपता, २ मे १९४५ रोजी, हिटलरच्या मृत्यूबद्दल दुखवटा व्यक्त करायला डी व्हॅलेरा जर्मन राजदूताकडे गेले. शिष्टाचार म्हणून गेले हे खरे. पण त्या भेटीबद्दल साऱ्या जगाचे बोल त्यांनी ऐकून घेतले. नियम पाळावा, पण किती पाळावा?

नियम पाळण्याच्या या हौसेतून एक अगदी विनोदी प्रकरण घडले. युद्धकाळात जी परकी लढाऊ विमाने या भूमीवर कोसळत किंवा वाट चुकून उतरत, त्यांतल्या वैमानिकांना किल्डेअर परगण्यातल्या 'करा' नावाच्या लष्करी छावणीत अटकेत ठेवीत. (मराठी माणसाला हे नाव आज्ञार्थी वाटेल!) जर्मन आणि इंग्रज एकाच आवारात, मध्ये फक्त कुंपण. परत येण्याचे वचन लिहून दिले की संध्याकाळी गावात फिरायला, घोड्यांच्या शर्यती पाहायला मोकळीक. १९४१ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हवाईदलातला बड वुल्फ नावाचा अमेरिकन वैमानिक डोनेगॉलमध्ये विमान पडून इथे येऊन पडला. दोन आठवड्यांतच तो निसटला आणि उत्तरेत, इंग्रजांच्या मुलखात, बेलफास्टला जाऊन पोहोचला. तिथे शाबासकी मिळेल अशी त्याची अपेक्षा असणार. पण वचनभंगाचा बोभाटा नको म्हणून खुद्द इंग्रजांनीच त्याला परत पाठवून दिले! त्याचे विमान पुढे २०११ साली तिथल्या दलदलीतून उकरून काढले.

हे सारे ऐकून आपण हसतो, आणि मग हळूच दुसरी बाजू कळते. जसजसे युद्ध पुढे सरकले, तसतशी दोस्तांच्या वैमानिकांची अटक सैल होत गेली. 'आम्ही लढाईवर नव्हतो, सरावाला निघालो होतो' असे म्हटले की त्यांची मुकाट्याने उत्तरेकडे पाठवणी होई. जर्मन मात्र युद्ध संपेपर्यंत आतच राहिले. उत्तरेतल्या तळ्यावरून उडणाऱ्या इंग्रजी विमानांना समुद्र गाठायला जवळची वाट हवी होती. ती डोनेगॉलच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून १९४१ पासून देण्यात आली. आणि पश्चिमेच्या टोकाला ब्लॅकसॉड इथे टपालकचेरीत काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅविन या तरुणीने १९४४ च्या जूनच्या आरंभी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, हवामानाच्या ज्या नोंदी पाठवल्या, त्यांवरून दोस्तांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलला आणि ६ जूनला तो तडीस गेला. आपण काय पाठवले याची तिला तेव्हा कल्पनाही नव्हती. शंभर वर्षांचे आयुष्य जगून ती २०२३ साली वारली.

या साऱ्या कथा भाचीने आम्हांला गाडी चालवता चालवता सांगितल्या. त्या दिवशी आम्ही नदीच्या उत्तर तीराने पश्चिमेकडे निघालो होतो, लूप हेडच्या भूशिराकडे. तिथे एक दीपगृह आहे, खाली महासागर काळ्या कड्यावर डोके आपटीत असतो, आणि वारा असा की छत्री उघडणाऱ्याने ती समुद्राला वाहिली असेच समजावे. दीपगृहाच्या पलीकडे गवतात पांढुरके दगड मांडलेले दिसले. आधी काहीच उमगेना. मग अक्षरे जुळली : 'एरे'. आयरिश भाषेत या देशाचे नाव.

युद्धकाळात किनाऱ्यावर ऐंशीहून अधिक टेहळणी चौक्या होत्या. त्यांच्याजवळ अशीच अक्षरे दगडांनी मांडून, चुन्याने रंगवून ठेवली होती, आकाशातून दिसावीत म्हणून. अर्थ एवढाच की वैमानिकहो, ही तटस्थ भूमी आहे, इथे बाँब टाकू नका. बहुतेक ठिकाणची अक्षरे पुढे गवताने गिळली. २०१८ च्या उन्हाळ्यात डब्लिनजवळच्या ब्रे हेड टेकडीवर वणवा लागला, झुडपे जळाली आणि तिथली विसरलेली अक्षरे पुन्हा वर आली.

मी त्या दगडांजवळ बराच वेळ उभा होतो. पाटीवर आपले नाव लिहून 'इथे भांडू नका' म्हणणारे हे एक लहानसे घर. मनाला भिडणारेच दृश्य. पण मग भाचीने सांगितले, "मामा, नावाबरोबर चौकीचा क्रमांकही घातला होता. कुठला क्रमांक कुठे आहे याची यादी दोस्तांच्या वैमानिकांजवळ असायची. त्यांना ते मैलाचे दगडच झाले." म्हणजे पाटी सगळ्यांसाठी, पण पत्ता फक्त एकाच बाजूला कळणारा! देशाचे नाव आणि त्याखालचा तो आकडा यांत आयर्लंडच्या तटस्थतेचा सारा इतिहास मला एकाच जागी वाचायला मिळाला.

परतताना वाटेत शॅननचा विमानतळ लागतो. युद्धानंतर पाण्यावर उतरणारी विमाने गेली आणि रिनॅनाच्या दलदलीत भराव घालून तयार केलेल्या या तळाचे दिवस आले. १९४७ साली इथे निघालेले जकातमुक्त दुकान हे विमानतळावरचे जगातले पहिले. १९५९ साली शेजारी कारखान्यांचा मुक्त विभाग झाला, त्याच्या मागोमाग अख्खे शॅनन गाव वसले. शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोहून क्युबाला जाणारी रशियन विमानेही इथेच इंधन घेत. १९९४ साली रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांचे विमान इथे उतरले. आयर्लंडचे पंतप्रधान बँडसह खाली ताटकळत राहिले आणि पाहुणे काही विमानाबाहेर आलेच नाहीत! गावकरी ही गोष्ट अजून चवीने सांगतात.

परक्या लष्करी विमानांविषयीचा इथला कायदा १९५२ सालचा. मंत्र्यांच्या परवानगीशिवाय असे विमान उतरता कामा नये, की वरून जाता कामा नये. परवानगी द्यायची तीही अटींवर : विमानात शस्त्रे, दारूगोळा नको, हेरगिरी नको, लष्करी मोहिमेचा किंवा सरावाचा ते भाग असता कामा नये. कागदावर यापेक्षा चोख काय असणार? पण २००१ नंतर अफगाणिस्तान आणि २००३ पासून इराक, या युद्धांवर निघालेले अमेरिकन सैनिक इथून जाऊ लागले. बहुतेक जण भाड्याच्या नागरी विमानांतून येत. २००५ या एका वर्षात त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस-एक्केचाळीस लाख, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

२००३ सालच्या फेब्रुवारीत डब्लिनच्या रस्त्यांवर सुमारे एक लाख माणसे युद्धाविरुद्ध उतरली. त्याच महिन्यात पाच जणांनी शॅननच्या तळात शिरून अमेरिकन नौदलाच्या विमानावर हातोडे चालवले. खटला तीनदा उभा राहिला आणि २००६ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. माणसांचे जीव वाचावेत म्हणून आम्ही हे केले, हे त्यांचे म्हणणे ज्यूरीला पटले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम केलेले एडवर्ड होर्गन हे निवृत्त लष्करी अधिकारी तर सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यांचा निकाल मोठा मासलेवाईक आहे. न्यायमूर्ती म्हणाले, तटस्थ देशाने युद्धावर निघालेल्या एका पक्षाच्या मोठ्या सैन्याला आपल्या भूमीवरून वाट देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय रूढीचा नियम आहे खरा. पण परराष्ट्रव्यवहार हे सरकारचे आणि संसदेचे काम, तिथे न्यायालयाने हात घालायचा नाही. होर्गन यांचा मुद्दा राहिला आणि दावा गेला. आणि आयर्लंडच्या राज्यघटनेत 'तटस्थ' हा शब्द तर कुठे नाहीच!

त्याच वर्षी त्याच युद्धाच्या वेळी स्वित्झर्लंडने आणि ऑस्ट्रियाने अमेरिकेच्या लढाईवरच्या विमानांना आपले आकाश बंद केले होते. मग आयर्लंडनेच का नाही केले? याचे उत्तर मला आमच्या टॅक्सीवाल्याने दिले. "माझ्या वडिलांना या विमानतळाने नोकरी दिली, मला दिली. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना पूर्वी इथे थांबण्याची सक्ती होती, ती गेली. आता मोठी विमाने डोक्यावरून थेट जातात. जी थोडी उतरतात, त्यांनाही हाकलू म्हणता? आणि आमची निम्मी भावकी अमेरिकेत आहे, साहेब." दुष्काळापासून ज्या मुलखातली माणसे बोटी भरभरून अमेरिकेला गेली, तिथल्या माणसाच्या या बोलण्याला लबाडी म्हणणे मला जमले नाही. पोट आणि नाते, दोन्हीही खरीच असतात.

दुसरी बाजू आम्हांला विमानतळाजवळच भेटली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काही माणसे तिथे फलक घेऊन तासभर उभी राहतात. आम्ही गेलो त्या दिवशी पंधरा-वीस जण असतील, बहुतेक पिकल्या केसांचे. पोलीसही ओळखीच्या माणसासारखे बोलत होते. एका आजीबाईंनी थर्मासमधला चहा आम्हांला दिला आणि विचारले, "तुम्ही कुठले?" मुंबईचे म्हटल्यावर म्हणाल्या, "तुमचा देशही अलिप्त ना? तुमच्याकडे हा प्रश्न कधी आला नाही?"

आला होता. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध चालू असताना चंद्रशेखर सरकारने अमेरिकन लष्करी विमानांना मुंबई, आग्रा आणि मद्रास इथे इंधन घेऊ दिले. आम्ही तेव्हा पार्ल्याला राहत होतो; सहारचा तळ तिथून हाकेच्या अंतरावर. वर्तमानपत्रांत बातमी आली, गदारोळ झाला, ज्या काँग्रेसच्या आधारावर सरकार उभे होते तीच विरोधात गेली, आणि फेब्रुवारीत ते इंधन बंद झाले. त्याच काळात शॅननलाही अमेरिकन विमाने इंधन घेत होती आणि इथल्या संसदेत हाच वाद चालला होता. आजीबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण एकाच काठावरचे."

आणखी एका अर्थी ते खरे आहे. १९६० नंतर काँगोत शांतिसेनेच्या निळ्या निशाणाखाली आयरिश आणि भारतीय जवान बरोबरीने लढले आणि मेले. ८ नोव्हेंबर १९६० रोजी नियेंबा इथे नऊ आयरिश सैनिक मारले गेले. पुढच्या वर्षी एलिझाबेथव्हिलला आपले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. तटस्थ देश दुसऱ्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवून बसतो, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे आठवावीत. बारांहून अधिक सैनिक परदेशी पाठवायचे तर सरकार, संसद आणि संयुक्त राष्ट्रे अशा तिघांची संमती हवी, असा आयर्लंडचा शिरस्ता. त्याला ते तिहेरी कुलूप म्हणतात. २०२५ साली सरकारने यातली संयुक्त राष्ट्रांची किल्ली काढून टाकण्याचा मसुदा पुढे आणला आणि देशात पुन्हा वादाला तोंड फुटले.

आजीबाई आणि टॅक्सीवाला यांच्यात खरे कोण, हे ठरवणे पाहुण्याचे काम नव्हे. पण एक गोष्ट मला दोघांच्याही आड येताना दिसली नाही. काठावर राहणाऱ्याने वाटसरूला पाणी द्यावे की नाही, यावर वाद होईल. पण त्याच्या गाठोड्यात काय आहे, हे विचारण्याचा हक्क तरी त्याला असावा. सरकार म्हणते, विमानात शस्त्रे नाहीत असा अमेरिकेने शब्द दिला आहे आणि मित्राच्या शब्दावर आमचा भरवसा आहे. झडती घेण्याचे कारण नाही. आजीबाईंच्या फलकावर तेवढीच मागणी होती. आणि त्यांनी मला एक जुनी हकिकत सांगितली, जी पुढे सरकारी दप्तरांतून बाहेर आली. १९६२ साली क्युबाच्या पेचप्रसंगात, अमेरिकेच्या काळजीपोटी, याच आयर्लंडने क्युबाकडे जाणाऱ्या झेक विमानांची याच शॅननवर झडती घेतली होती. तेव्हाही हा देश लहानच होता आणि आजही त्याच्याजवळ एकही वेगवान लढाऊ विमान नाही.

उतरलेल्या विमानाचे दार उघडून आत काय आहे ते पाहायला मात्र लढाऊ विमान लागत नाही.